अठरा ग्रॅमचे कसब : पर्वत पाटियाच्या कॉफी शॉपमधील बरिस्ताचे काम

गोव्यात ‘बार’ हा शब्द उच्चारला की जे चित्र डोळ्यांसमोर येते, ते गुजरातेत येऊ शकत नाही; त्या राज्यात स्थापनेपासून दारूबंदी आहे. म्हणून गेल्या दिवाळीत सुरतच्या पर्वत पाटिया भागात एका दुकानाच्या काचेवर ‘कॉफी बार’ ही गुजराती अक्षरे वाचली तेव्हा हसू आले. शब्द मात्र त्यांनी चुकीचा वापरलेला नव्हता. इटलीत बार म्हणजे मुख्यतः फळीपाशी उभ्याने कॉफी घेण्याची जागा. तिथे मद्यही मिळते, पण दिवस सुरू होतो तो कॉफीने. त्या फळीच्या आतल्या बाजूला उभा राहणारा तो बरिस्ता. आपल्याकडे हा शब्द २००० साली सुरू झालेल्या त्याच नावाच्या दुकानसाखळीमुळे आधी दुकानाचे नाव म्हणून पोहोचला आणि काम करणाऱ्याचे नाव म्हणून नंतर. अजूनही पुष्कळांचा घोटाळा होतो. माझ्या मावशीचा होतो. ‘पोरगा बरिस्तात आहे’ असे ती शेजारणींना सांगते. प्रत्यक्षात तो त्या नावाच्या दुकानात कधीच नव्हता.

हा मावसभाऊ पंचविशीतला. तीन वर्षांपासून कॉफीच्या यंत्रामागे उभा राहतो. यंदा त्याला गोव्याच्या किनारपट्टीवरील एका कॅफेतून हंगामापुरते बोलावणे आले आणि घरात वाद सुरू झाला. काकांची सारी हयात सुरतच्या कापडबाजारात गेली. त्यांच्या मते हे काम म्हणजे चहाची टपरीच, फक्त वातानुकूलित. त्यासाठी घर सोडून परराज्यात जायचे कशाला, आणि त्यात शिकण्यासारखे असते तरी काय, हा त्यांचा प्रश्न. मी गोव्यात राहते आणि वृत्तपत्रात काम करते, तेव्हा निवाडा माझ्याकडे आला. निवाडा देण्याइतकी माहिती मला नव्हती. म्हणून मालकांच्या परवानगीने दोन दिवस त्या फळीजवळच्या उंच स्टुलावर बसून राहिले. पुढचा मजकूर त्या दोन दिवसांतून आणि नंतरच्या वाचनातून आला आहे.

आधी जागेविषयी. ‘पाटिया’ म्हणजे पाटी. हमरस्त्यावर जिथे आतल्या गावाच्या नावाचा फलक असे, तो थांबा त्या गावाच्या पाटियाच्या नावाने ओळखला जाई. अहमदाबादचे नरोडा पाटिया हे नावही याच घडणीचे. पर्वत हे गाव सुरतेने केव्हाच पोटात घेतले, पाटीचे नाव तेवढे चौकाला राहिले. आज हा शहराच्या पूर्वेचा अतिशय गजबजलेला भाग आहे. कापडाचा व्यापार करणारी राजस्थानी कुटुंबे इथे मोठ्या संख्येने राहतात, आणि जवळच गोडादरा, लिंबायत, डिंडोली या जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेल्या मराठी माणसांच्या वस्त्या आहेत. ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेने खानदेशाला सुरत मुंबईपेक्षा जवळची केली. मावशीच्या घरात आजीशी अहिराणी, आपसांत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि दुकानात हिंदी चालते. मावसभावाने धंद्यापुरती मारवाडीही उचलली आहे.

कॉफी या शहराला नवी नाही, हे मात्र मला ठाऊक नव्हते. इंग्रज वकील सर थॉमस रो याच्याबरोबर राहिलेला पाद्री एडवर्ड टेरी १६१६ मध्ये सुरतेजवळच्या सुवाली बंदरात उतरला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे की, धर्माचे नियम कडकपणे पाळणारे आणि मद्य वर्ज्य मानणारे इथले अनेक लोक काळ्या बिया पाण्यात उकळून केलेले कॉफी नावाचे पेय घेतात. येमेनमधील मोखा बंदर ही त्या काळातली कॉफीची मोठी पेठ, आणि सुरतेच्या जहाजांतून गुजरातचे कापड त्याच बंदरात जात असे. म्हणजे कापडाच्या पेठेत कॉफी हा काही उपरा पाहुणा नव्हे. पुढे चहाने ती जागा घेतली आणि सुरतेची जीभ ‘कोल्ड कोको’वर स्थिरावली. दूध, कोको, साखर घालून दाट आटवलेले हे थंडगार पेय आजही तिथल्या प्रत्येक कॉफी शॉपचा खरा प्रतिस्पर्धी आहे.

आता काम.

दुकान नऊला उघडते. मावसभाऊ आठला पोहोचतो. यंत्र पूर्ण तापायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात तो एक छोटी वही काढतो. तीत रोजची तारीख, बियांच्या पाकिटावरची भाजल्याची तारीख, दळणयंत्राच्या चकतीचा आकडा, सेकंद आणि चवीविषयी एखादा शब्द अशी नोंद असते. ही वही मला आधी हौस वाटली. दुसऱ्या दिवशी कळले की सारे काम त्या वहीतच आहे.

एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या आणि दाबून बसवलेल्या कॉफीच्या चकतीतून गरम पाणी जोराने पाठवून काढलेला अर्क. पाणी सुमारे ९० ते ९६ अंश सेल्सिअस, दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळजवळ नऊ पट. मिलानच्या लुइजी बेझेरा याने १९०१ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा ढकलण्याचे काम वाफ करीत होती आणि दाब कमी पडे. आज कपावर जो सोनेरी साय येते ती दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजिया याच्या दांड्याच्या यंत्राने आणली. मावसभावाच्या दुकानात दुहेरी शॉटचे प्रमाण ठरलेले आहे : १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. दुसऱ्या दुकानाचे प्रमाण वेगळे असू शकते; पण आपले प्रमाण ठरवायचे आणि ते दिवसभर सांभाळायचे, हे सगळीकडे सारखेच.

यात अवघड काय, असे कोणालाही वाटेल. अवघड हे की यंत्राला पाण्याची उष्णता आणि दाब सांभाळता येतो, पूड सांभाळता येत नाही. दळण जाडे राहिले तर पाणी पंधरा-सोळा सेकंदांतच निसटते आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. कारण आंबट द्रव्ये सर्वांत आधी विरघळतात आणि गोडव्याची पाळी यायच्या आतच पाणी निघून गेलेले असते. दळण फार बारीक झाले तर पाणी अडते, थेंब थेंब उतरते आणि तळातला सगळा कडूपणा ओढून आणते. दोन्ही बरोबर असून पूड भांड्यात एका बाजूला जास्त बसली, तर पाणी दुसऱ्या बाजूने वाट काढते आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही उतरते. शेतात पाणी देताना वाफ्याची कड फुटावी तसे. हे उदाहरण मावसभावाचेच. अमळनेरजवळच्या आमच्या आजोळी त्याने सुट्ट्यांत पाणी धरलेले आहे.

त्या सकाळी पहिला शॉट १९ सेकंदांत उतरला. त्याने चमच्याने चाखला, बेसिनमध्ये थुंकला, दळण एक रेघ बारीक केले. दुसरा ३४ सेकंद. तिसरा २७. तिन्ही ओतून दिले आणि वहीत तिसऱ्याचा आकडा लिहिला. एक किलो बियांत १८ ग्रॅमच्या हिशेबाने जेमतेम ५५ दुहेरी शॉट होतात. त्यांतले तीन गिऱ्हाईक येण्याआधीच गेले. मालकांच्या लेखी ही नासाडी. ‘काल बरोबर होते ना, मग आज पुन्हा कशाला?’ हा प्रश्न मी दोन दिवसांत दोनदा ऐकला.

उत्तर बियांतच आहे. भाजलेल्या बी मधून कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. भाजून दोन-चार दिवसच झाले असतील तर हा वायू पाण्याला नीट भिडू देत नाही. महिना उलटला तर वायूबरोबर सुवासही गेलेला असतो. म्हणजे एकाच पाकिटातली बी सोमवारी आणि शनिवारी एक नसते. शिवाय संध्याकाळच्या गर्दीत दळणयंत्राची पाती तापतात आणि दळण बदलते. पावसाळ्यात हवेतली ओल पूड धरते, तिच्या गाठी होतात. जुलैमधल्या वहीच्या पानांवर एकाच दिवसात चार-चार आकडे खोडून लिहिलेले मी पाहिले. किनाऱ्यावरच्या गोव्यात ही ओल वर्षातले किती महिने असते, हे त्याला मी सांगितले नाही.

दुधाची गोष्ट निराळी. दुकानात सुमुलचे, म्हणजे १९५१ पासून चालत आलेल्या सुरत जिल्हा सहकारी दूध संघाचे दूध येते. ते थंडगारच घ्यायचे, कारण वाफ सोडल्यावर हाताशी फार थोडा वेळ असतो. पहिल्या काही सेकंदांत वाफेच्या नळीचे टोक दुधाच्या पृष्ठभागाशी ठेवून हवा आत घ्यायची. दूध अंगाइतके कोमट झाले की टोक किंचित खाली नेऊन भोवरा करायचा, म्हणजे मोठे बुडबुडे फुटून फेस रेशमासारखा होतो. ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान दूध सर्वांत गोड लागते. सत्तरच्या पुढे गेले की त्याला उकळल्याचा वास येतो आणि फेस कोरडा पडतो. तापमापक आहे, पण गर्दीत तो कोण पाहणार? डावा तळहात भांड्याच्या बुडाला टेकलेला असतो आणि चटका सोसवेनासा झाला की वाफ बंद. कपावर काढलेले पान किंवा बदाम लोकांना फार आवडतो. मोबाइल बाहेर निघतात. मावसभाऊ त्या नक्षीला स्वतंत्र कला मानत नाही. दूध बरोबर झाले असेल तरच पान उमटते, नाहीतर ढग येतो, एवढेच तो म्हणतो.

गिऱ्हाइकाला समजावणे हेही कामच. आपल्या देशात ‘एस्प्रेसो’ हा शब्द लग्नाच्या मांडवात पोहोचला तो भलत्याच अर्थाने : झटपट कॉफीची पूड, भरपूर दूध-साखर, वाफेने सूं सूं करत आणलेला फेस आणि वर चॉकलेटची भुकटी. ती कॉफी मलाही आवडते, हे इथे कबूल करायला हरकत नाही. पण तीच डोळ्यांपुढे ठेवून आलेल्या माणसासमोर दोन घोटांचा कडक काळा कप गेला की तो फसवणूक झाल्यासारखा पाहतो. म्हणून ऑर्डर घेतानाच मावसभाऊ विचारतो, ‘काका, छोटा कप येतो, कडू असते, चालेल ना?’ निम्म्या वेळा ऑर्डर बदलते आणि कप परत येण्याची नामुष्की टळते. बहुतेकांना थंडच हवे असते. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी जैन कुटुंबांची एकदम गर्दी होते, कारण त्यांतले पुष्कळजण सूर्य बुडाल्यावर काही घेत नाहीत. केक अंड्याशिवायचे आहेत ना, हे प्रत्येक वेळी खात्रीने सांगावे लागते. दारूबंदीच्या राज्यात तरुणांना संध्याकाळी बसायला जागा ही अशीच, त्यामुळे रात्री नऊनंतर पुन्हा एक लाट येते. एका कॉफीवर दोन तास बसणाऱ्यांची.

मधल्या वेळात विश्रांती असेल असे वाटले होते. मधल्या वेळात फडका असतो. प्रत्येक शॉटनंतर चकती ठोकून काढायची, भांडे पुसायचे, तोंडातून थोडे पाणी सोडायचे; प्रत्येक दुधानंतर नळी ओल्या फडक्याने पुसून वाफ मोकळी सोडायची, नाहीतर दूध आत सुकून नळी चोंदते आणि कुबट वास येतो. रात्री दुकान बंद झाल्यावर यंत्राच्या तोंडात औषधी पूड टाकून पाणी उलटे फिरवायचे. निम्मे काम धुण्यापुसण्याचे आहे, हे या कामाच्या जाहिरातींत कुठे दिसत नाही. उभे राहणे सलग. पूड दाबून दाबून उजवे मनगट दुखते. मावसभाऊ रात्री त्याला पट्टा बांधतो. डाव्या हातावर वाफेच्या भाजण्याचे तीन जुने डाग आहेत. मावशी ते डाग पाहते तेव्हा काही बोलत नाही.

गल्ल्यावर डिंडोलीची एक मुलगी बसते. गर्दीत मावसभाऊ अडकला की दूध तीच तापवते, आणि तिचे दूध आपल्यापेक्षा चांगले होते हे तो मोकळेपणाने सांगतो. तिला यंत्रावर कायमचे का घेत नाहीत, याचे उत्तर मला कोणी नीट दिले नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतःच दुकानात आले, मला न्यायला म्हणून. मावसभावाने त्यांच्यापुढे दोन छोटे कप ठेवले. कोणता कसा काढला ते सांगितले नाही. काकांनी दोन्ही चाखले. एकाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘ही कच्ची आहे.’ तो कप १८ सेकंदांचा होता. जो माणूस अंगठा आणि बोट यांत कापड चोळून त्यातले पॉलिस्टर किती ते सांगतो, त्याला यात नवल वाटले नाही. त्यांनी दुसरा कप संपवला आणि विचारले, ‘पण याचे तुला देतात किती?’

खरा प्रश्न हाच होता. मावसभावाला मिळणारा पगार कापडबाजारात नव्याने लागलेल्या सेल्समनइतका आहे, आणि दुकानाच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘हेल्पर’ असे लिहिलेले आहे. हा शब्द क्षुल्लक नव्हे. किमान वेतनाच्या अधिसूचनांत कामगारांची अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी प्रतवारी असते आणि दर त्यानुसार ठरतो. अनुभवाने किंवा प्रशिक्षणाने आलेले कौशल्य आणि स्वतःची निर्णयशक्ती ज्या कामाला लागते ते कुशल, असा त्या प्रतवारीचा साधारण आशय आहे. सकाळी तीन शॉट चाखून दळण ठरवणारा माणूस या व्याख्येत बसतो की नाही, हे वाचकांनी ठरवावे. हजेरीपट लिहिणाऱ्याने ते आधीच ठरवून टाकले आहे.

कामाच्या तासांचेही तसेच. गुजरातने २०१९ मध्ये दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा केला तेव्हा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा त्यात घातली आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. पण हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. मावसभावाच्या दुकानात सहा जण आहेत. अशी कॉफी शॉप बहुधा पाच-सात जणांवरच चालतात. यंत्र आणि फळीची लांबी त्याहून जास्त माणसांना जागाच देत नाही. त्यामुळे सकाळी आठला आलेला माणूस रात्री केव्हा सुटेल, हे बरेचसे मालकाच्या स्वभावावर राहते.

शिक्षणाचा कागद असता तर बोलणी करता आली असती. बेंगळूरच्या कॉफी बोर्डाचा ‘कापी शास्त्र’ हा थोड्या दिवसांचा प्रशिक्षणवर्ग आहे, आणि कॉफीच्या गुणवत्तेविषयीची पदव्युत्तर पदविकाही बोर्ड चालवते. ‘स्पेशालिटी कॉफी असोसिएशन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बरिस्ता अभ्यासक्रमाला तीन पायऱ्या आहेत. मोठ्या शहरांतल्या नोकऱ्यांत त्या प्रमाणपत्राला मान आहे, पण शुल्क आणि प्रवास यांचा हिशेब मांडला की पर्वत पाटियातला मुलगा गप्प बसतो. मोठ्या साखळ्या आपल्या माणसांना स्वतः शिकवतात. बाकीचे शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी माणसाकडून शिकतात, जसा मावसभाऊ शिकला. कापडबाजारातही कोणाकडे कागद नसतो, असे काकांनी मध्येच म्हटले. तिथे मात्र अंगठ्याची पारख असलेल्या माणसाला पेढी सोडून जाऊ देत नाही.

शेवटी गोवा. ‘पणजीत इतके कॅफे आहेत?’ असे त्याने नकाशा पाहून विचारले होते. त्याला सांगावे लागले की आपल्याकडे कॅफे हा शब्द पोर्तुगीज राजवटीतून आला, आणि कॅफे भोसले किंवा कॅफे ताटो इथे लोक जातात ते पाव-भाजीसाठी. तिथे त्याच्या यंत्राला काम नाही. त्याला बोलावणारे कॅफे किनारपट्टीवरचे, पर्यटकांच्या हंगामावर चालणारे आहे. ऑक्टोबर ते मे गर्दी, आणि पाऊस सुरू झाला की त्यातली बरीच दारे बंद होतात.

मी निवाडा दिला नाही. चार गोष्टी लेखी मागून घे, एवढे सांगितले : पदाचे नाव, कामाचे तास आणि सुटीचा वार, खोलीचे भाडे कोणाकडे, आणि जूनमध्ये काय. काकांनी पाचवी जोडली : भाजले-कापले तर दवाखान्याचा खर्च. पत्र यायला आठ दिवस लागले. तोवर मी पणजीला परतले होते. त्याने पत्राचे छायाचित्र पाठवले. पदाच्या रकान्यात ‘बरिस्ता’ असे स्वच्छ लिहिले होते. तास होते, साप्ताहिक सुटी होती, खोली कॅफेची होती, दवाखान्याचाही उल्लेख होता.

नोव्हेंबरच्या मध्यावर तो मडगावला उतरला. पहिल्या सकाळी दळण जमेपर्यंत सात शॉट ओतावे लागले असे त्याने फोनवर सांगितले; नव्या मालकीणबाईंनी काही विचारले नाही, उलट स्वतः सातवा चाखला. सुरतच्या दुकानात त्याच्या जागी डिंडोलीची ती मुलगी यंत्रावर उभी राहते. आणि जून २०२५ मध्ये खाड्यांच्या पुराने पर्वत पाटियाच्या रस्त्यांवर पाणी होते, तेव्हा दुकान बंद राहिलेल्या दिवसांचा पगार कोणालाच मिळाला नव्हता, हे आठवून मावशीने मला विचारले की गोव्याच्या पत्रात पावसाळ्याचे काय लिहिले आहे. पत्र मी पुन्हा वाचले. जूनविषयी त्यात काहीच नाही.